अस्मानी, सुलतानी आणि दिलेला शब्द

आपल्या पूर्वजांनी संकटांचे दोन वर्ग केले: अस्मानी आणि सुलतानी. पाऊस रुसला तर दोष आकाशाचा. फौजेने शेत तुडविले तर सत्तेचा. दोन्ही प्रसंगी कुणब्याकडे पुरा सारा मागणे हा जुलूमच. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) ५६व्या कलमात हाच न्याय आहे: करारानंतर जे कृत्य अशक्य झाले, त्यापुरता करार निरर्थक होतो.

परंतु अशक्य निराळे आणि अवघड निराळे. प्रत्येक अडचणीसरशी माणसे मोकळी होऊ लागली, तर दिलेल्या शब्दावर कोण विसंबेल? ८ एप्रिल २०२० रोजी कोरियाहून पोलाद मागविणाऱ्या व्यापाऱ्यांस मुंबई उच्च न्यायालयाने तात्पुरता दिलासा नाकारला. टाळेबंदी मर्यादित काळाची होती. शिवाय करारातील आपत्तीचे कलम केवळ विक्रेत्याच्या रक्षणार्थ होते. आपत्ती सर्वांवर येते, कलम मात्र ज्याचा हात वर त्याचे असते!

त्याच दिवसांत थेरगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ज्या कामगाराचा रोज बुडाला, त्याने काय करावे? भाडेपट्ट्यास ५६वे कलम लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच ठरविले आहे. कामगारांकडे एक महिना भाडे मागू नये, असा केंद्र सरकारचा हुकूम २९ मार्च २०२० रोजी निघाला खरा. परंतु ज्या वृद्धेची चूल त्या भाड्यावरच पेटते, तिने कोणाकडे पाहावे?

बंधन सुटले की नाही, एवढेच कायदा विचारतो. अपराध कोणाचाच नसता नुकसान कोणी सोसावे, हा प्रश्न नीतीचा आहे. अर्धेलीने शेत करणाऱ्यांस त्याचे उत्तर ठाऊक होते: पीक बुडाले तर मालक आणि कसणारा दोघांचेही बुडाले.

हे मी लिहितो खरा. पण त्या वर्षी मोलकरणीस ‘येऊ नकोस’ असे आम्हीच सांगितले. पहिल्या महिन्याचा पगार पुरा दिला, दुसऱ्याचा अर्धा. ‘काम झाले नाही’ हे माझे कारण कायद्यास कदाचित पटले असते. मात्र माझे वेतन त्या महिन्यांत एक पैशानेही कमी झाले नव्हते. आपत्ती तिच्यावर आली होती. सबब मी सांगितली.