सुट्टीचा जमाखर्च

माणसाने सुट्टी घ्यावी की नाही, हा प्रश्न कुठल्याही धर्मग्रंथात चर्चिलेला मला आढळला नाही. एक तर मी धर्मग्रंथ वाचलेले नाहीत; आणि दुसरं म्हणजे, ज्यांनी ते लिहिले त्यांना किरकोळ रजेचा अर्ज भरावा लागत नसावा. मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी.कॉम., मुक्काम नागोठणे. आमच्या सुट्ट्या परमेश्वर ठरवत नाही, 1881 सालचा एक कायदा ठरवतो. हुंड्या आणि चेक यांच्यासाठी इंग्रजांनी केलेला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. त्याच्या 25व्या कलमाखाली सरकारने राजपत्रात छापलं, की बँकेपुरता तो दिवस सण. लक्ष्मीपूजन त्यात बसतं, पाडवा बसतो. नरकचतुर्दशी एकटी आली तर बिचारी बाहेरच राहते. श्रीकृष्ण आमच्या शाखेत असता तर नरकासुराला मारायला त्यालाही कॅज्युअल लीव्ह टाकावी लागली असती, आणि मॅनेजरांनी विचारलं असतं, "पाडव्यानंतर मारला तर नाही का चालणार?"

गेल्या दिवाळीत मी अशी लीव्ह टाकली. कारण घरातून निघालं.

गणपती नुकतेच उठले होते. मी आरामात चहा पीत होतो. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आपल्या लग्नाला पंधरा दिवाळ्या झाल्या. पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री मी कधी साडेबाराच्या आत पाठ टेकली आहे का? आठवून सांगा."

मी आठवू लागलो. आठवेना. कारण उघड होतं. त्या पंधराही रात्री दहाच्या सुमारास मी झोपलेला होतो.

तिचा हिशेब मात्र तोंडपाठ होता. आदल्या रात्री सगळी जमलेली, म्हणजे अकरा माणसांचं जेवण. डोंबिवलीहून ताई, भावोजी आणि भाचा. पुण्याहून धाकटा भाऊ, भावजय आणि पुतणी. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. जेवणं आटोपली की पहाटेच्या फराळाची ताटं, उटणं, तेल, पोह्यांची तयारी. पोहे एका प्रकारचे करून भागत नाही. दुधाचे हवेत, गुळाचे हवेत, फोडणीचे हवेत आणि भावोजींना दडपे हवेत. आता गंमत पाहा. नरकासुराच्या बंदिवासातून सोळा हजार स्त्रियांची सुटका झाली म्हणून आपण हा सण करतो, आणि त्या सुटकेच्या आदल्या रात्री प्रत्येक घरात एक स्त्री स्वयंपाकघरात अडकलेली असते! इतकी वर्षं पायाच्या अंगठ्याने कारीट फोडताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कारीट कडू असतं एवढंच ठाऊक होतं.

"मग यंदा बाहेर जाऊ," मी औदार्याने म्हणालो. मुलांनी दाराआडून एका सुरात घोषणा केली, "इमॅजिका!"

खोपोलीजवळ हे उद्यान 2013 साली सुरू झालं. तिथे माणसाला उंच नेतात, उलटा करतात, गरगर फिरवतात आणि याचे पैसेही त्याच्याकडूनच घेतात. बँकेत हे सगळं पगारी होतं. आमच्या लहानपणी ही हौस भागवायला गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जावं लागे. 1989 साली निघालेलं ते उद्यान 2022 साली बंद झालं. खोपोली मात्र आम्हांला सोयीची. डोंबिवली, पुणे आणि नागोठणे या तिन्ही गावांना बऱ्यापैकी मधली. आम्ही वाकण फाट्याला वळायचं, पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि पुढे व्हायचं. ठरलं! दिवसभर उद्यान, रात्री जवळच्या हॉटेलात सर्वांचं एकत्र जेवण, तिथेच मुक्काम आणि पहिली आंघोळही तिथेच.

यातल्या जेवणाचं नियोजन माझ्याकडे आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'दिवाळी डिनर' नावाचा गट उघडला. पहिल्या दोन दिवसांत त्यात त्र्याऐंशी निरोप आले, त्यांतले साठ 'तुम्ही ठरवाल ते' या अर्थाचे होते आणि उरलेले तेवीस मी ठरवलं त्याविरुद्ध होते. आईला कांदा-लसणाचं नको आणि भात मऊ हवा. भाच्याला पनीर हवं. पुतणीला पनीर सोडून काहीही. भावोजी म्हणाले, "माझं काही नाही हो, साधं वालाचं बिरडं असलं तरी पुरे." हॉटेलवाल्याला फोन करून मी बिरड्याबद्दल विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "साहेब, पनीरमध्ये बारा आयटम आहेत."

मी तक्ता आखला. माणशी खर्च, वेळ, कोण कुठे बसणार. तक्ता उत्तम जमला. आणि ज्या बाईला विश्रांती द्यायची म्हणून हा घाट घातला होता, ती त्या आठवडाभर काय करत होती? अकरा जणांचं उटणं, तेलाच्या बाटल्या, पणत्या, वाती, कारीट, नवे कपडे आणि फराळाचे सहा डबे बांधत होती. "तिथे हे कुठे मिळणार?" एवढंच म्हणाली. माझ्या तक्त्यात या कामाला रकानाच नव्हता.

उद्यानातला दिवस मजेत गेला. आईसुद्धा एका बेताच्या पाळण्यात बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "यापेक्षा आपली एस्टी बरी." रात्री आठला आम्ही हॉटेलात टेबलाशी बसलो. अकराच्या अकरा! बायको माझ्या शेजारी बसली होती, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. थोड्या वेळाने उमगलं. जेवताना ती बसलेली मी फारशी पाहिलीच नव्हती.

वाढायला एक विशीचा मुलगा होता. हसतमुख, चपळ. आईसाठी त्याने भात पुन्हा शिजवून मऊ करून आणला. आईने त्याची चौकशी केली. पालीच्या पलीकडच्या एका वाडीवरचा निघाला. घरी आई, दोन बहिणी. आईने सहज विचारलं, "मग उद्या तुझी पहिली आंघोळ कुठे रे?"

"तुमची सगळ्यांची आंघोळ, नाश्ता, चेक-आउट झालं ना आजी, की मग माझी," तो म्हणाला. "चारला सुटतो."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. म्हणूनच ते टेबलावर पडून राहिलं. सूर्योदयापूर्वीची आंघोळ दुपारी चारनंतर!

माझी आठवीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबा, त्याची दिवाळी आपल्यामुळे उशिरा?"

भावोजी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते म्हणाले, "उलट आहे बेटा. आपण आलो नसतो तर त्याला पगार कोण देणार? आपली सुट्टी म्हणजे त्याचा रोजगार." मुद्दा बिनतोड होता. भावोजींचे मुद्दे नेहमी बिनतोड असतात, त्यांनी समाधान होत नाही ही गोष्ट वेगळी.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला 1494 साली छापलेलं एका इटालियन साधूचं पुस्तक आठवलं. लुका पाचोली त्याचं नाव. दुहेरी नोंदीची पद्धत त्याने पुस्तकात मांडली, आणि त्या जिवावर माझ्यासारखे लाखो लोक पोट भरतात. एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलंच पाहिजे. माझ्या मनात आलं, सुट्टीचंही असंच असावं काय? माझ्या खात्यात एक निवांत रात्र जमा झाली, तर ती कुणाच्या तरी नावे पडणार. इतकी वर्षं ती हिच्या नावे पडत होती. घरातल्या घरात खातं असल्यामुळे कुणी पासबुक मागितलं नाही, इतकंच.

मग मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली ती त्यांच्या खटपटीने. पण गिरणीचं बरं असतं. भोंगा वाजला नाही, पट्टा फिरला नाही, की माग थांबतात आणि सगळे एकदम सुटतात. चुलीला भोंगा नाही. त्या रविवारी गिरणी बंद राहिली तरी चाळीतल्या खोलीत जेवायला माणसं जास्तच असणार. सुट्टी नवऱ्याला मिळाली आणि ओव्हरटाइम बायकोला.

हे सगळं मी बोलून दाखवलं असं नाही. निम्मं बोललो, निम्मं गुलाबजामाबरोबर गिळलं. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "खरं सांगू? पंधरा वर्षांत या रात्री पहिल्यांदा गरम जेवले. बरं वाटलं. पण मी बसले, तर माझ्या जागी तो उभा राहिला. जागा काही रिकामी झाली नाही."

जी गोष्ट मला पाचोलीपासून लोखंड्यांपर्यंत चारशे वर्षं फिरून सापडली नाही, ती हिला पनीरच्या वाटीत दिसली.

आम्ही सगळ्यांनी मिळून एक थोर निर्णय घेतला. आइस्क्रीम रद्द करायचं, साडेनऊलाच उठायचं, म्हणजे त्या मुलाला तरी लवकर पाठ टेकता येईल. आईने त्याच्या हातात फराळाचा एक डबा आणि उटण्याची पुडी दिली, मी दिवाळीचं पोस्त म्हणून पाचशेची नोट दिली, आणि नीतीचं काहीतरी केल्याच्या समाधानात आम्ही दारापर्यंत गेलो. मागे वळून पाहिलं. मॅनेजरने आमच्या टेबलावर तेरा माणसांचं दुसरं कुटुंब बसवलं होतं, आणि तो मुलगा पाण्याचा जग घेऊन त्यांच्याकडे निघाला होता.

रात्रभर मी विचार केला. पोस्त दिल्याने नोंद पुसली जाते का? नाही. पोस्त म्हणजे फार तर व्याज, मुद्दल तसंच. बाहेर जेवूच नये का? मग पुन्हा ही साडेबारापर्यंत उभी. शेवटी एवढंच हाती आलं, की चूल बंद ठेवता येत नसेल, तर तिच्यापाशी एकाच माणसाने जन्मभर उभं राहू नये. उभं राहणं आळीपाळीने असावं. पण आळीपाळी म्हटलं की आपली पाळी येते. तत्त्वज्ञानातली ही मोठीच अडचण आहे.

तरीही मी जाहीर केलं. यंदाच्या दिवाळीत आदल्या रात्रीचं जेवण घरी, आणि स्वयंपाक मी, धाकटा भाऊ आणि भावोजी करणार. बायका बाहेर बसतील. भावोजी त्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग निघण्याची शक्यता आत्तापासून वर्तवीत आहेत.

गेल्या रविवारी मी रंगीत तालीम घेतली. बिरडं. मोड आलेले वाल सोलायला मला दोन तास लागले, आणि तेवढ्यात भावोजींना 'साधं' का म्हणू नये ते कळलं. ही बाहेर पेपर घेऊन बसली होती. दोन तासांत नऊ वेळा उठली. हिंग कुठे, कढई कुठली, आणि एकदा जळण्याचा वास आला म्हणून. शेवटी पेपर ओट्यावरच आणून वाचू लागली.

बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. त्या रात्रीची रक्कम मी तूर्त तिथेच टाकली आहे. पण सस्पेन्स खात्याचा एक नियम आहे. तिथे काही फार दिवस ठेवता येत नाही, ऑडिटर विचारतो.

आमची ऑडिटर परवा म्हणाली, "अहो, वाल कधी भिजत घालायचे ते लक्षात आहे ना? मी आठवण करणार नाही."