जुनेच गॅस्केट



सातवी आज्ञा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर खिसेकापू येतो, घरफोड्या येतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात मात्र याच आज्ञेखाली, करचुकवेगिरी आणि खोट्या बिलांच्या रांगेत, वाईट रीतीने केलेले कामही बसवले आहे (परिच्छेद 2409). आमच्या प्रवचनांत हा परिच्छेद क्वचितच येतो.

रविवारी वृद्धांना मिस्साला आणणारी व्हॅन तीन आठवडे दिसत नाही, हे आपण पाहिलेच आहे. ती आपल्या धर्मग्रामातील एका निवृत्त बंधूंची. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. पाणी कमी होऊन इंजिन तापत होते, म्हणून त्यांनी व्हॅन गॅरेजमध्ये दिली. हेड उतरवून गॅस्केट बदलले, असे बिल मिळाले. बारा दिवसांनी महामार्गावर इंजिन बंद पडले. देवाच्या कृपेने तेव्हा गाडीत कोणी आजारी नव्हते. दुसऱ्या मिस्त्रीने हेड उघडले, तर आत जुनेच गॅस्केट, वरून सोल्युशन फासलेले! ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकू शकते. ते सपाट आहे का हे तपासून, गरज असल्यास फेसिंग करून मगच बसवायचे असते. तेही झाले नव्हते. पाणी ऑईलमध्ये उतरले, ऑईल दुधाच्या चहासारखे झाले आणि क्रँकची बेअरिंगे गेली. काही हजारांचे काम आता पूर्ण इंजिन खोलण्यावर आले आहे.

सगळ्यांचा राग हेड बसवणाऱ्या पोरावर. संत थॉमस अक्वायनस यांचा विचार येथे उपयोगी पडतो. नुकसानभरपाईची पहिली जबाबदारी ते हुकूम देणाऱ्यावर ठेवतात, हुकूम पाळणाऱ्यावर त्यानंतर. गॅस्केटचे पैसे वाचले ते त्या पोराच्या खिशात गेले, असे आम्हांला तरी वाटत नाही.

काही जण त्या बंधूंना म्हणाले, “जाऊ द्या, क्षमा करा.” दुसऱ्याच्या खिशातून क्षमा करणे फार सोपे असते. त्यांनी मनातला राग सोडावा, हे आम्हीही त्यांना सांगितले. पण जखयने प्रभूला घरी घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याची त्याने तयारी दाखवली. भरपाई मागणे म्हणजे सूड नव्हे. शिवाय उद्या त्याच गॅरेजमध्ये दुसऱ्या कोणाची गाडी जाणार आहे, आणि तिच्यात लहान मुले असतील.

भांडण कसे मिटवावे याच्या पायऱ्या मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहेत. आधी एकट्याने जायचे. ते बंधू गेले. “गाडी तुम्हीच तापवली” असे उत्तर मिळाले. मग एक-दोघांना सोबत न्यायचे. आम्ही गेलो, दुसरे मिस्त्रीही आले, काढलेले गॅस्केट टेबलावर ठेवले. मालक त्याकडे पाहत राहिले, मग फोन घेऊन बाहेर गेले. तिसऱ्या पायरीवर ख्रिस्तसभा आहे. मालक आपल्या धर्माचे नाहीत, म्हणून येथे ती पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. 1915 या क्रमांकावर आधी विचारणा करता येते. आपल्या बंधूंजवळ बिल आहे, जुने गॅस्केट आहे, हेड उघडतानाचे फोटो आहेत आणि दुसऱ्या मिस्त्रीचा लेखी अहवाल आहे. आपणही गाडी दुरुस्तीला दिली की बदललेला जुना पार्ट मागून घ्या. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

गॅरेजचे नाव येथे छापावे, व्हॉट्सॲपवर फिरवावे, असा आग्रह झाला. आम्ही नकार दिला आहे. मालकांचे म्हणणे अजून कोणी नीट ऐकलेले नाही, आणि आठवी आज्ञा त्यांच्याही बाजूने उभी आहे. आपल्या बाकांवरही गवंडी, प्लंबर, वायरमन बसतात. उद्या कोणाचे नाव असे फिरेल, सांगता येत नाही.

व्हॅन उभी आहे तोवर रविवारी सकाळच्या मिस्सासाठी सहा वृद्धांना आणायचे व घरी सोडायचे आहे. ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी शनिवारपर्यंत धर्मग्राम कार्यालयात नाव द्यावे. दोघांना चाकाच्या खुर्चीसह आणावे लागते, म्हणून डिकी मोठी असल्यास तसे सांगावे.

आपले फादर