एकच आढं

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत दोन भावांचं एक घर होतं. वाटणी झाली तेव्हा मधे विटांची भिंत आली. पण सागाचं आढं आणि मंगलोरी कौलांचं छप्पर वडिलांच्या वेळचं, एकसंध राहिलं. घराचा विमाही दोघांनी एकाच दिवशी उतरवला. १ एप्रिल २०२१ पासून साधारण विमा कंपन्यांना विकणं बंधनकारक झालं ती ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी. थोरल्याने कागद पेटीत टाकला आणि म्हणाला, “आता छपराची काळजी कंपनीला.”

धाकट्याची बायको मात्र दरसाल मृगाआधी आपली बाजू शाकारून घ्यायची. उतरवलेल्या प्रत्येक कौलावर ती टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर पुन्हा वर, बद्द वाजलं तर बाजूला. वाशांना वाळवीचं औषध लावायची. कौलांचं बिल, मजुरीची पावती एका पिशवीत जायची आणि काम झालं की समोरच्या ओट्यावरून छपराचा एक फोटो. थोरला म्हणायचा, “विमा आहे ना? मग उगाच कशाला खर्च?”

एका वैशाखात सायंकाळी वादळ आलं. शिवारातली पपई आडवी झाली आणि दोन्ही घरांची कौलं उडाली. थोरल्याकडे तर तीन वासेही खाली आले. तलाठ्याने पंचनामा केला. दोघांनी कंपनीला कळवलं, सर्वेअर आला. त्याने थोरल्याच्या मोडक्या वाशात पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला आणि भुसा खाली सांडला. कुणी काही बोललं नाही.

धाकट्याचे पैसे मिळाले. थोरल्याला एका ओळीचं पत्र आलं: छप्पर जुनं, झीज झालेलं, दावा नामंजूर.

तो पत्र फाडायला निघाला. तेव्हा धाकटी म्हणाली, “दादा, फाडू नका. वाळवीने खाल्लं ते आपलं. आग, पूर, वादळ हे विम्यात येतं. झीज येत नाही. पण तुमची कौलं वाळवीने नाही उडाली.”

तिचं बरोबर होतं. कुजक्या वाशांचे पैसे नाकारणं हा कंपनीचा हक्क होता. त्याआडून वादळाचं नुकसानही नाकारणं हा अन्याय होता, आणि असा अन्याय मुकाट गिळणारी घरं आपल्याकडे फार आहेत.

पण वादळाआधी कौलं शाबूत होती, हे थोरल्याने दाखवायचं कसं? त्याच्या पेटीत पॉलिसीशिवाय कागद नव्हता. धाकटीने मोबाइल काढला. मागच्या ज्येष्ठातला तिच्या छपराचा फोटो. आढं एकच असल्याने थोरल्याची बाजूही त्यात आली होती. एकेक ओळ जागेवर, एक कौल सरकलेलं नाही.

तो फोटो आणि पंचनामा जोडून त्यांनी कंपनीकडे लेखी तक्रार केली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं हेही ठरवून ठेवलं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते. तिथवर जायची वेळ आली नाही. कंपनीने कौलांचे आणि ती चढवायच्या मजुरीचे पैसे दिले. वाशांचे दिले नाहीत. नवे वासे थोरल्याने स्वतः आणले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

यंदा मृगाआधी शिडी पहिल्यांदा लागली ती थोरल्याच्या भिंतीला. उतरवलेली कौलं मांडीशी घेऊन तो अंगणात बसला आणि एकेकावर टिचकी मारून ऐकू लागला. दुपारपर्यंत बद्द वाजणाऱ्या कौलांचा ढीग गुडघ्याएवढा झाला. संध्याकाळी नव्या कौलांचं बिल घेऊन तो धाकटीच्या दारात गेला.

“हे पण तुझ्या पिशवीत ठेव,” तो म्हणाला.