दे इकडे, मी करतो

स्लाऊकरांना हीथ्रो विमानतळाची ओळख करून द्यायला नको. आपल्या मंडळींपैकी कितीतरी जणांची नोकरी तिथे आहे, आणि वारा पूर्वेचा असला की उतरणारी विमाने विंडसर-डॅचेटवरून जाताना रोज दिसतात. पण १७ जानेवारी २००८ रोजी या विमानतळावर जे घडले त्यात एक असा प्रश्न दडला आहे, जो आपल्या घरातही अनेकदा उभा राहतो. संकटाच्या वेळी वडीलधाऱ्याने सूत्रे हाती घ्यावीत, की ज्याच्या हाती ती आहेत त्याच्याकडेच राहू द्यावीत?

त्या दुपारी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ बीजिंगहून येत होते. प्रवासी १३६, कर्मचारी १६. कॅप्टन होते पीटर बर्किल. जमीन सुमारे ७८० फूट खाली असताना, आधी ठरल्याप्रमाणे, त्यांचे सहवैमानिक जॉन कॉवर्ड यांनी उतरवण्यासाठी विमान आपल्या ताब्यात घेतले. पुढच्या काही क्षणांत उजव्या इंजिनाचा जोर ओसरला, आणि सात सेकंदांनी डाव्याचाही. इंजिने बंद पडली नव्हती. अधिक जोर मागितला तर देत नव्हती एवढेच. लांबच्या थंड प्रवासात इंधनातल्या पाण्याचा बर्फ नळ्यांत साठला होता आणि तो सुटून वाटेत अडकला होता. पण हे कळायला पुढे दोन वर्षांची चौकशी लागली. त्या घडीला हाताशी होते जेमतेम अर्धे मिनिट.

कॅप्टनला सूत्रे परत घेण्याचा पूर्ण अधिकार होता. अनुभवही त्यांचाच जास्त. त्यांनी ती घेतली नाहीत. कॉवर्ड विमान सांभाळत राहिले, आणि बर्किल यांनी पंखांमागचे फ्लॅप ३० वरून २५ वर आणले. विमानाला होणारा हवेचा अडथळा त्यामुळे कमी झाला. विमान धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतात आदळले, पण विमानतळाच्या कुंपणाच्या आत. फ्लॅपच्या त्या एका हालचालीने ते सुमारे ५० मीटर पुढे गेले, असे चौकशीत निघाले. एकही माणूस दगावला नाही. (प्रवाशांना बाहेर पडण्याचा कॅप्टनचा हुकूम आधी चुकून कंट्रोल टॉवरकडे गेला, तिथून सांगितल्यावर तो पुन्हा द्यावा लागला. माणूसच तो!)

पुढची गोष्ट मात्र कडू आहे. कॅप्टन ऐन वेळी गोठून बसले, अशी कुजबुज झाली. २००९ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि २०१० मध्ये परतले. मला वाटते, ही कुजबुज करणाऱ्यांना 'काही करणे' म्हणजे काय हेच उमगले नव्हते. दुसऱ्याच्या हातातून हिसकावून घेण्यात जे क्षण गेले असते, त्यात फ्लॅपचा विचार करायला कोण उरले असते? एकाने विमान सांभाळावे, दुसऱ्याने डोळे आणि डोके मोकळे ठेवावे, हाच तर या व्यवसायाचा नियम.

पण मग वडीलधाऱ्याने नेहमी हात आवरावा, असे म्हणून मोकळे होता येत नाही. ७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची दुर्घटना आपल्याला जास्त जवळची. कॅप्टन दीपक साठे आपले नागपूरचे, हवाई दलात नाव कमावलेले. भर पावसात एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीवर बरेच पुढे टेकले आणि टोकावरून खाली कोसळले. त्यांच्यासह २१ जण गेले. चौकशी अहवालाने संभाव्य कारण सांगताना दोन गोष्टी एकत्र लिहिल्या: सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगूनही विमान उतरवणे चालूच राहिले, आणि सहवैमानिकाने सूत्रे स्वतःकडे घेतली नाहीत. गेलेल्यांविषयी बोलताना जीभ जड होते, आणि अहवालाने व्यवस्थेतल्या उणिवाही दाखवल्या आहेतच. तरी दुसरे वाक्य मला सोडत नाही. नियम धाकट्याला सांगतो, ज्येष्ठाच्या हातातून घे. ज्याला लहानपणापासून मोठ्यांपुढे बोलू नये असे शिकवले, त्याने त्या काही सेकंदांत हे कुठून आणायचे? १९७७ मध्ये तेनेरिफेला दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली, तिथेही कॅप्टनच्या घाईपुढे सहकाऱ्यांची शंका दबकीच राहिली. म्हणजे हा आजार केवळ आपला नाही. पण आपल्याला तो संस्कार म्हणून मिळतो.

आपल्या घरात आजोबा जमिनीवर कोसळले आहेत आणि चौदा वर्षांची नात ९९९ वर बोलते आहे, असे समजा. पलीकडून सूचना येत आहेत, ती श्वास मोजते आहे. इतक्यात वडील धावत येतात आणि म्हणतात, "दे इकडे, मी बोलतो." प्रेमापोटीच. पण सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. आणि वडिलांना पत्ताच चुकीचा सांगताना ऐकले, तर नातीने फोन परत मागावा की नाही? मी म्हणेन, मागावा. आपल्यापैकी किती जण तो देतील?

वैमानिक सूत्रे घेताना तसे तोंडाने सांगतो, आणि दुसरा ती सोडल्याचे तोंडाने कबूल करतो. विमान नेमके कोणाच्या हाती आहे याबद्दल एक क्षणही शंका राहू नये, म्हणून ही पद्धत. आपल्या घरात असे कोणी सांगत नाही. वडील नुसता हात पुढे करतात.