गोंगाटाखालची सही

बाबांच्या कानांचा आलेख गेल्या दिवाळीच्या आधी काढला. डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर धरला आणि पेनाच्या टोकाने एका खड्ड्यावर बोट ठेवल्यासारखं केलं. रेघ डावीकडून बऱ्यापैकी सरळ येते आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. ‘कुठे कामाला होते?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. आजाराबद्दल काही विचारायच्या आधीच त्यांनी नोकरी विचारली. बाबा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं होते. पॉवर प्रेस, पत्रा, डाय, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड.

त्या दिवशी दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट बघताना माझ्या गळ्यात हेडफोन होते आणि ते मी काढून बॅगेत टाकले. लाज वाटली असं म्हणता येईल. कारण सकाळीच मी त्यांच्यातून फुशित्सुशा ऐकलं होतं.

फुशित्सुशा म्हणजे केजी हाइनो या जपानी माणसाने १९७८मध्ये सुरू केलेला बँड. गिटार, बास, ड्रम्स. साहित्य अगदी नेहमीचं. पण त्यातून येतं ते गाणं आहे की गाण्याची मोडतोड, हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. जपानमध्ये साठीच्या अखेरीपासून ही एक परंपराच आहे. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात १९६७मध्ये ले रालीझ देन्युदे नावाचा बँड निघाला. त्याचा गिटारवादक ताकाशी मिझुतानी अॅम्प्लिफायरसमोर गिटार अशी धरायचा की तिचाच आवाज स्पीकरमधून बाहेर येऊन पुन्हा तिच्यात शिरे, पुन्हा मोठा होऊन बाहेर येई. शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक स्पीकरजवळ गेला की जी किंकाळी उठते आणि मुख्याध्यापक ज्यामुळे कान झाकतात, ती. आपण तिला बिघाड म्हणतो. मिझुतानीने तिच्यावर आयुष्य काढलं. पुढे १९९५मध्ये काही मंडळींसह कावाबाता माकोतोने अॅसिड मदर्स टेंपल काढलं, ओसाकात बोरडम्स झाले. माझ्यासारखे लोक नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये बसून, घरून काम करता करता हे ऐकतात. आईच्या मते माझ्या खोलीत मिक्सरचं भांडं नीट बसत नाही.

मला हे का आवडतं याचं उत्तर मी आधी तांत्रिक द्यायचो. माझा पेशा सॉफ्टवेअरचा. ज्या सिग्नलमध्ये पुनरावृत्ती असते तो दाबून छोटा करता येतो. निव्वळ गोंगाट दाबता येत नाही, कारण पुढच्या क्षणी काय येणार याचा मागच्या क्षणावरून पत्ताच लागत नाही. म्हणजे गोंगाटात माहिती सगळ्यात जास्त आणि अर्थ सगळ्यात कमी. मित्रांना हे ऐकवलं की मी हुशार वाटायचो. खरं उत्तर साधं आहे. दिवसभर मी अशा गोष्टी करतो ज्यांत एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं कोसळतं. रात्री ज्यात सगळंच कोसळलेलं आहे अशा जागी जाऊन बसलं की खांदे खाली येतात. तो आवाज मला विचार करू देत नाही. मला तेच हवं असतं.

आता प्रश्न. ज्या प्रकारच्या आवाजाने माझ्या वडिलांचे कान खाल्ले, तो मी पैसे देऊन, आवडीने, डोळे मिटून ऐकावा का? ‘का’ म्हणजे चालेल का असं नाही. चालतंच, कोण अडवतंय? विचारायचं आहे ते हे की माझ्या आणि त्यांच्या आवाजात नेमका फरक कशाचा आहे, आणि तो फरक मी समजतो तेवढा मोठा आहे का.

माझं तयार उत्तर होतं: संमती. हे उत्तर मी विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वादात घासून घासून गुळगुळीत केलं होतं. वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, मेनरोडने सरकत अशोकस्तंभावर येते, रविवार कारंजा करत गंगेवर जाते. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) डीजेच्या भिंती लावल्या की रस्त्याकडेच्या घरांतली तावदानं थरथरतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या निकालात सांगितलं ते थोडक्यात असं की बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याने ऐकलंच पाहिजे असा हक्क कुणाला नाही. मला हे अगदी पटायचं. हेडफोनमधला हाइनो कुणाच्याही खिडकीत शिरत नाही. मी निवडलं, मी ऐकलं, संपलं. डीजे वाईट, हाइनो चांगला.

यात थोडी लबाडी होती हे मला तेव्हाही कळत होतं. मी स्वतः कॉलेजात असताना दोन हंगाम ढोलपथकात होतो. गंगेवर संध्याकाळी सराव चालायचा. कमरेला ढोल, उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थापी आणि समोर ताशाची तडतड. पन्नास ढोल एकदम उठले की आवाज कानाने ऐकायची गोष्ट राहात नाही, तो बरगड्यांत येतो. काठावर जप करत बसलेल्या म्हाताऱ्यांना आम्ही कधी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर तासभर कानात शिटी वाजायची आणि ती शिटी आम्ही पदकासारखी मिरवायचो. पुढे बोरडम्सच्या यामाताका आयने ७ जुलै २००७ला न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या नदीकाठी ७७ ड्रमवादक गोलाकार बसवून वाजवले, हे वाचलं तेव्हा हसू आलं. नदीकाठ, वर्तुळ, आकडा, सगळं ओळखीचं. ते प्रयोगशील संगीत, आणि आमचं म्हणजे भाद्रपदातला त्रास. पासपोर्टवरून ठरतं की काय?

पण संमतीच्या उत्तराला खरा तडा बाबांनी घातला, आणि तोही वाद न घालता.

दवाखान्यातून आल्यावर मी जरा चिडून विचारलं होतं, ‘बाबा, तुम्हाला कानात घालायला काही देत नव्हते का?’

‘देत होते की. बोळे. रजिस्टरवर सही घ्यायचे.’

‘मग तुम्ही घालत नव्हतात?’

‘तू प्रेसवर उभा राहिला असतास तर विचारलं नसतंस.’

मग त्यांनी सांगितलं. प्रेसचा माणूस प्रेस कानाने चालवतो. डाय बोथट झाली की धाडीचा आवाज किंचित फाटतो. पत्रा तिरका शिरला की आधी वेगळा ‘ठक्’ येतो. तो चुकला तर माल वाया, आणि नशीब वाईट असेल तर बोट. हेल्परने मागून ओरडलेलं ऐकू आलं पाहिजे. बोळे घातले की हे सगळं जातं. म्हणजे कान वाचवायचे तर बोटं धोक्यात, आणि बोटं वाचवायची तर कान हळूहळू द्यायचे. कान वीस वर्षांनी जातात, बोट आत्ता जातं. कुणीही काय निवडेल? अर्थात यावरचा खरा उपाय यंत्र झाकणं, पाया बदलणं, पाळ्या वाटणं हा असतो. पण त्याला खर्च येतो, बोळ्यांना येत नाही. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, ज्या व्यवसायजन्य रोगांची खबर सरकारला द्यावी लागे त्यांच्या यादीत, आवाजाने येणारं बहिरेपण होतं. बाबांना हे माझ्याकडून कळलं, निवृत्तीनंतर चार वर्षांनी.

त्यांची सही मात्र रजिस्टरवर आहे. महिन्याला एक. अठ्ठावीस वर्षांच्या सह्या. कागद बघणाऱ्याला दिसेल की या माणसाला सगळं दिलं होतं आणि त्याने ते घेतलं होतं.

सही म्हटल्यावर मला टोकियोतला एक कार्यक्रम आठवला. यामाताका आयचा बोरडम्सच्या आधीचा बँड हानाताराश. १९८५च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या एका प्रयोगात आयने खोदकामाचं यंत्र सभागृहाच्या भिंतीतून आत आणलं आणि जागेचा चेंदामेंदा केला. आत सोडण्याआधी प्रेक्षकांकडून लिहून घेतलं होतं की काही इजा झाली तर जबाबदारी आमची. या गोष्टीवर मी पूर्वी खूश असायचो. काय प्रामाणिकपणा! धोका आहे, सांगितलाय, सही करा, या. संमतीचा आदर्श नमुनाच. तसं पाहिलं तर बाबांचं रजिस्टर आणि तो कागद यांत काय फरक? दोन्हीकडे माणूस सज्ञान, दोन्हीकडे धोका उघड, दोन्हीकडे सही. आणि दोन्हीकडे सहीचा उपयोग ज्याने ती घेतली त्यालाच.

फरक मला शोधावा लागला तो माझ्याच कामात. मागच्या वर्षी माझ्या टीमने एका अॅपचा संमतीचा पडदा बांधला. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी असं म्हटलंय. हे पाचही शब्द आम्ही एका सादरीकरणात लिहिले आणि मग ‘मान्य आहे’चं बटण हिरवं, मोठं आणि ‘नको’ची ओळ करड्या रंगात बारीक ठेवली. त्या बारीक ओळीचा कोड माझा आहे. ‘नको’ म्हणायची सोय होती. फक्त ती दाबणाऱ्याला पुढचं पान मिळत नव्हतं.

तर टोकियोतला तो प्रेक्षक सही न करता घरी जाऊ शकत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काहीही बिघडलं नसतं. बाबा सही न करता घरी आले असते तर माझी इंजिनिअरिंगची फी गेली असती. संमती खरी होती की नाही हे ‘हो’मध्ये दिसत नाही, ‘नाही’ची किंमत किती होती ते बघावं लागतं. इथवर मी नीट येतो. पण मग पुढची पायरी अशी की माझ्या हेडफोनमधली निवड ज्या पगारावर उभी आहे, तो पगार ज्या शिक्षणावर, ते शिक्षण त्या प्रेसवर. गोंगाट ‘नको’ म्हणायची आणि म्हणूनच ‘हवा’ म्हणायची माझी ऐपत त्यांनी नको म्हणायचा हक्क गमावून मिळवली. इटालियन चित्रकार लुइजी रुसोलोने १९१३मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा लिहिला आणि यंत्रांच्या आवाजाचं संगीत व्हावं अशी मागणी केली. त्याला ते सुचलं हे ठीकच. पहिल्या पाळीचा भोंगा त्याच्यासाठी वाजत नव्हता.

म्हणून ऐकणं सोडावं का? काही दिवस सोडलं. त्याने बाबांच्या आलेखातला खड्डा भरून आला नाही. कानातल्या केसपेशी माणसात एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. माझा तो त्याग मला उपासासारखा वाटू लागला, ज्यात देवापेक्षा उपवास करणाऱ्याचंच कौतुक जास्त. शेवटी एका रविवारी बाबांनीच विचारलं, ‘तुझा तो मिक्सर बंद का आहे हल्ली?’

मी त्यांना हेडफोन दिले. आवाज कमी ठेवून रालीझचं ‘७७ लाइव्ह’ लावलं. मनातून मला भीती होती. किंवा खरं सांगायचं तर अपेक्षा होती, की ते म्हणतील, हा तर आमचा शॉप. म्हणजे मला हवी ती शिक्षा झाली असती आणि लेखही छान संपला असता. ते पाचसात मिनिटं ऐकत बसले. बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती.

‘चांगलं आहे की. एकच चाल फिरतेय. भजनासारखी.’

मला आधी कळेना. मग कळलं. या रेकॉर्डमध्ये खाली बास एकच छोटी ओळ न थकता वाजवत राहतो आणि वर मिझुतानीची गिटार किंचाळते. ती वरची किंकाळी बाबांपर्यंत पुरती पोचतच नाही. तिचा बराचसा भाग त्या खड्ड्यात पडतो. ज्या गोंगाटासाठी मी ते ऐकतो तो वगळून उरलेलं ते ऐकत होते, आणि उरलेलं गाणं होतं. मी पुढे बरेच दिवस फक्त तो बास ऐकायचा प्रयत्न केला. जमत नाही.

याच कारणाने त्यांना ढोल आवडतो, हे मला यंदा समजलं. आई स्वयंपाकघरातून ‘साखर संपली’ म्हणाली तर त्यांना ‘आकर संपली’ ऐकू येतं. स, श, फ गळून पडतात, आणि मग ते उगाच हसून मान हलवतात. पण ढोल खालच्या पट्टीत आहे. तो त्यांना सगळाच्या सगळा ऐकू येतो, काहीही न गळता, कुणी पुन्हा सांगायची गरज नाही. विसर्जनाच्या दिवशी म्हणूनच ते दुपारपासून अशोकस्तंभाजवळ जागा धरून उभे राहतात. मी यंदा बरोबर गेलो, कानात बोळे घालून. पथक आलं. शेजारच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक आजी खिडक्या लावून घेत होत्या, एक एक करून, शेवटच्या खिडकीची कडी त्यांना लागत नव्हती. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे वळून ओठ हलवत काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, आणि मी हसून मान हलवली.