मान आणि मोल

चेन्नईच्या अण्णा सलाई रस्त्यावर, जेमिनी उड्डाणपुलाजवळ अमेरिकेची वकिलात आहे. तिच्या बाहेर कागदांच्या फायली छातीशी धरून उभ्या असलेल्या लोकांत वृद्ध जोडपी पुष्कळ दिसतात. मुलगा किंवा मुलगी तिकडे; नातवंडाचे तोंड पाहायचे; चार-सहा महिन्यांचा मुक्काम. या शहरातील मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. व्हिसा हाती आला की गरम कपडे, मसाले, लोणची यांची चर्चा होते, आणि आजारपणाच्या विम्याची गोष्ट निघते ती सर्वांत शेवटी, बहुधा टेलिफोनवर.

कॅनडाने याबाबत निवड ठेवलेलीच नाही. तेथे २०११ साली सुरू झालेल्या 'सुपर व्हिसा'साठी आईवडिलांच्या नावे निदान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. युरोपातील शेंगेन देश अल्प मुक्कामासाठी ३०,००० युरोंचा विमा मागतात. अमेरिका मात्र पाहुणे म्हणून येणाऱ्या आईबापांकडे असा कागद मागत नाही. तेथील १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, तो पैसे देऊ शकतो की नाही हे न पाहता, तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे बहुतेक इस्पितळांना भाग आहे. पण बिल माफ करा असे तो कायदा म्हणत नाही. म्हणजे जेथे औषधोपचार इतका महाग, तेथेच ही बाब मुलांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेली आहे.

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण बालपणापासून पाठ केलेली असते. मराठीत 'मान राखणे' म्हटले की नमस्कार, आज्ञाधारकपणा, उलट न बोलणे एवढेच डोळ्यांपुढे येते. मूळ भाषांत त्याहून अधिक आहे. इब्री क्रियापदाच्या मुळाशी 'वजन' ही कल्पना आहे. नव्या करारातील ग्रीक 'तिमे' या शब्दाचा अर्थ मान असाही होतो आणि किंमत असाही. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाने परत टाकलेल्या तीस नाण्यांसंबंधी हाच शब्द आला आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' म्हणून पैसा देवाला वाहिल्याचे सांगून आईबापांना हात हलवत परत पाठवणाऱ्या पुत्रांविषयी प्रभूने जो कोप व्यक्त केला, तो पैशाच्याच व्यवहारावर होता. भाषांतरकाराला मराठीत एकाच शब्दात या दोन्ही बाजू आणता येत नाहीत, याची हळहळ वाटते. विम्याचा हप्ता भरणे हाही मान राखण्याचाच भाग होय, हे म्हणायला मला मुळीच संकोच नाही.

पण हप्ता भरला की कर्तव्य संपले काय? माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. वय ७२, मधुमेह जुना, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट. भारतीय कंपनीच्या फॉर्ममध्ये पूर्वीच्या आजारांचा रकाना असतो. मुलाने तिकडून सांगितले, "बाबा, तेथे काही लिहू नका. हप्ता वाढेल, नाहीतर पॉलिसीच नाकारतील." एजंटाचेही मत तेच पडले. मुलगा वाईट नव्हे. दरमहा नियमाने पैसे पाठवणारा आहे. आईवडील यावेत एवढ्याच ओढीने तो बोलला.

विम्याच्या कायद्यात परम सद्भावाचे एक जुने तत्त्व आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात ते स्पष्ट केले. ज्या गोष्टी एकाच पक्षाला ठाऊक असतात, त्या त्याने दडवू नयेत. हे बंधन त्यांनी दोन्ही पक्षांवर घातले, आणि त्या खटल्यात निकाल दिला तो विमा उतरवणाऱ्याच्या बाजूने! कंपन्या बारीक अक्षरांत काय काय दडवतात, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यांची तक्रार पुष्कळदा खरी असते. तथापि, विमा म्हणजे शेवटी अनेक अनोळखी माणसांनी एकत्र ठेवलेला पैसा. लपवलेल्या आजाराचे ओझे त्यांच्या खांद्यावर जाते.

अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पॉलिसी विकत घेताना आजार विचारतच नाहीत. तेव्हा खोटे बोलावे लागत नाही, असे वाटते. पण दावा केला की जुने कागद तपासले जातात, आणि म्हणून आईवडिलांना पढवून ठेवले जाते: डॉक्टरांनी विचारले तर पूर्वी काही नव्हते म्हणून सांगा. येथे मला खरी भीती वाटते. स्टेंट असलेला, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारा मनुष्य मध्यरात्री परक्या इस्पितळात पोटच्या मुलाच्या सांगण्यावरून डॉक्टरांपासून तेच लपवणार! फॉर्मवरील असत्य पैसे बुडवते. हे असत्य जीव घेऊ शकते.

या पॉलिसींत 'अॅक्यूट ऑनसेट' असा एक शब्दप्रयोग येतो. जुना आजार पूर्वसूचनेवाचून अकस्मात उसळला आणि सामान्यतः चोवीस तासांच्या आत उपचार घेतले, तरच खर्च मिळतो. हळूहळू बळावलेल्या दुखण्याचा मिळत नाही. वय वाढते तशी ही मर्यादाही अनेकदा आखडत जाते. म्हाताऱ्या माणसांना असल्या गोष्टी सांगून घाबरवावे कशाला, असे मुले म्हणतात. मला हे पटत नाही. ज्यांच्या देहाविषयी करार होतो, त्यांना तो त्यांच्या भाषेत कळला पाहिजे. नाहीतर आपण त्यांना सामानासारखे नेतो.

त्या शिक्षकांच्या घरी मी हे कलम मराठीत वाचून दाखवले, तेव्हा त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, "म्हणजे हे एकदम कोसळले तर पैसे, आणि आठ दिवस दम लागत राहिला तर नाही?" तसेच आहे, मी म्हणालो. मग त्यांनी मुलाला स्वतः फोन लावला. सहा महिन्यांचा बेत दोन महिन्यांवर आला, तोही थंडी टाळून. फॉर्मवर मधुमेह आणि स्टेंट दोन्ही लिहिले. हप्ता वाढला, आणि विम्याबाहेरच्या खर्चासाठी मुलाने काही रक्कम वेगळी ठेवली. औषधांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद बाईंनी आपल्या पर्समध्ये ठेवला आहे.