थेंबाजवळ दहा मिनिटं

उद्या पहाटे गिझरचा खटका चालू केल्यावर स्वयंपाकघराकडे वळू नका. एक पाट घ्या, न्हाणीघराच्या दाराशी कोरड्या जागी ठेवा आणि त्यावर बसा. दहा मिनिटं बसायचं आहे. पान्हा आणायचा नाही, कशाला हात लावायचा नाही. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या टाकीकडे फक्त बघायचं आणि कान द्यायचे.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग आतून बारीक सूं ऐकू येतं. तापलेल्या कांडीला चिकटलेले बुडबुडे सुटू लागलेले असतात. कांडीवर क्षारांचा थर असेल तर हाच आवाज खरखरीत होतो, कढईत मीठ भाजल्यासारखा. तो ऐकून ठेवा. आणखी थोड्या वेळाने, बहुतेक तुमचं लक्ष जरा इकडेतिकडे गेलेलं असताना, टाकीखालच्या पितळी झडपेच्या नळीतून एक थेंब पडेल. टप्.

मन लगेच म्हणेल, गळतंय. म्हणू द्या. उठू मात्र नका.

माझी आजी रोह्याला असायची, कुंडलिका नदीपासून फार लांब नाही अशा घरात. तिच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधोमध विस्तवाची नळी, खाली जाळी, जाळीखाली राख, आणि नळीभोवती पाणी. पहाटे करवंट्या आणि नारळाची सोडणं घालून ती तो पेटवायची आणि पाटावर बसून राहायची. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर यायचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याच्या गळ्यात कारिटांची माळ पडायची. आजीचा नियम एकच होता: पाणी घातल्याशिवाय विस्तव घालायचा नाही. कोरडा बंब तापला तर सांध्यांची झाळ वितळते, मग तांबटाकडे नेऊन पुन्हा झाळून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. पण बंबात दाब कधी साठत नसे. त्याचं तोंड उघडं होतं. पाणी फुगलं की वर चढायचं, वाफ झाली की निघून जायची. शेजारी बसलेल्या माणसाला ते डोळ्यांनी दिसायचं.

आपल्या भिंतीवरची टाकी बंद आहे. आता डोळे मिटा आणि या बंदपणाचाच विचार करा. आत २५ लिटर पाणी आहे. ते २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापलं की अर्ध्या लिटरहून थोडं जास्त फुगतं. पाणी दाबून लहान करता येत नाही. कोंडलेला हा अर्धा लिटर, म्हणजे पिण्याच्या पाण्याची एक लहान बाटली, कुठे जाईल?

त्याला दोनच वाटा आहेत. गार पाणी जिथून येतं तो नळ मोकळा असेल तर ते उलटं, गच्चीवरच्या टाकीकडे सरकतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण आजकालच्या बऱ्याच सुरक्षा झडपांमध्ये पाणी मागे जाऊ न देणारा पडदाही असतो. तो असेल तर मागची वाट बंद होते. दाब चढत जातो, झडपेतली स्प्रिंग उचलली जाते आणि फुगलेलं पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडतं. म्हणजे तो थेंब टाकीने टाकलेला श्वास आहे. पुन्हा ऐका. टप्. मघाशी गळतंय वाटलं होतं. आता कसं वाटतं?

दाब हा शब्द आपण फार सहज वापरतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबावंसं वाटतं. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या पायाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार टाकतो. गच्चीवरची टाकी गिझरच्या पाच मीटर वर असेल तर दाब अर्धा किलो. नखाएवढ्या जागेवर अर्धा किलो, बस. आता डोळ्यांसमोर भिरा आणा. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांतून खाली उतरतं, ते जवळपास पाचशे मीटर. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून त्यावर चालतं. तिथे नळाच्या पायथ्याशी त्याच नखाएवढ्या जागेवर पन्नास किलोंच्या आसपास भार असतो. चक्रं फिरवून थकलेलं तेच पाणी पुढे कोलाडवरून संथपणे रोह्याला येतं आणि आजीच्या घराजवळून जातं. या धरणासाठी ज्यांची गावं बुडाली त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. त्या पाण्याच्या दाबाचा विचार करताना ती माणसं मला दर वेळी आठवतात. पाणी एकच आहे. किती उंचीवरून आणि कशात कोंडलं, एवढ्यावर त्याचा स्वभाव ठरतो.

घरातली टाकी साधारण आठ किलोंचा दाब सोसण्यासाठी बनवलेली असते आणि झडपही त्याच सुमाराला उघडावी अशी बसवलेली असते. गच्चीचा अर्धा किलो आणि टाकीचे आठ किलो, यांत एवढं अंतर आहे. ते अंतर पाणी तापूनच भरून काढतं. बाहेरून कोणी ढकलत नाही.

हे मला पेणच्या घरात कळलं, आणि महागात पडून कळलं. हिवाळ्यात फरशी रोज ओली राहायची. दुरुस्तीला आलेल्या एका दादांनी झडपेच्या नळीला बूच मारून दिलं. थेंब थांबला, आम्ही आभार मानले. पुढचे कित्येक महिने ती टाकी रोज फुगत आणि आकसत राहिली. एके सकाळी खालच्या झाकणातून तांबूस पाणी आलं आणि घरातली वीज गेली. आतल्या टाकीचा सांधा फुटला होता आणि पाणी तारांपर्यंत पोचलं होतं. आरसीसीबी बसवलेला होता म्हणून वीज तोडली गेली. त्या वेळी नळाखाली मुलगा आंघोळीला उभा होता. ती सकाळ मी विसरलेलो नाही, विसरायची इच्छाही नाही.

आता डोळे उघडा आणि थेंब कुठून येतो ते नीट बघा. सगळे थेंब एका जातीचे नसतात. तापताना पडणारा आणि गार झाल्यावर थांबणारा थेंब निरोगी आहे, त्याच्याखाली छोटी नळी जोडून पाणी मोरीत सोडलं की फरशी कोरडी राहते. गार टाकीतूनही दिवसभर ठिबकत असेल तर झडपेत रेतीचा कण किंवा क्षार अडकलेला असतो, नाहीतर वरून पंपाने जादा दाब येत असतो. झडप साफ करून पाहावी, न जमल्यास बदलावी. नळाच्या जोडावर ओल असेल तर वॉशर आणि टेफलॉनची पट्टी, एवढंच काम. गरम पाण्याची धार बारीक आणि गार पाण्याची जोरकस असेल तर दोष दाबात नसतो, क्षारांनी वाट अरुंद झालेली असते.

चौथा थेंब झाकणाखालचा. तो दिसला की ध्यान तिथेच संपवा. ओल्या हाताने खटक्याला हात लावू नका, मुख्य एमसीबी खाली करा, गार पाण्याचा नळ बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आतली टाकी गळू लागली की ती सांधत बसायची नसते, बदलायची असते. तोटीतून पाण्याऐवजी वाफेचे फुत्कार येत असतील तेव्हाही हाच क्रम: आधी वीज, मग सगळं गार होईपर्यंत धीर.

पेणच्या खारेपाटात राहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीवर मन ठेवावं. टाकीच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातले क्षार आणि मीठ टाकीचं लोखंड खायला निघतात तेव्हा आधी ही कांडी झिजते. तिचं काम झिजणं हेच आहे. खारट बोअरवेलचं पाणी असेल तर ती फार लवकर संपते आणि त्यानंतर टाकीची पाळी येते. वर्षाकाठी एकदा ती उघडून पाहायला सांगा. आमच्याकडे ती कोणी कधी पाहिलीच नव्हती. बुचाइतकाच हा आमचा दोष होता.

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे बॉयलर आहेत. देशात त्यांच्यासाठी १९२३ पासून कायदा आहे, २०२५ मध्ये तो नव्याने आला. तिथल्या वाफेच्या बॉयलरची नियमित तपासणी होते, आणि त्याच्यापाशी प्रमाणपत्र मिळवलेला माणूस पाळीपाळीने बसतो, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून. आजी बंबापाशी बसायची तीही एक पाळीच होती. भिंतीवरच्या टाकीपाशी मात्र कोणीच बसत नाही. तिला काटाही नाही. आपल्याशी बोलायला तिच्याकडे तेवढा एक थेंब आहे.

दहा मिनिटं झाली असतील. खटका बंद करा, पाट उचला, आंघोळ उरका. आणि घरी कोणीही दुरुस्तीला आलं तरी त्या नळीला बूच मारू देऊ नका.